समुद्राचं कुंपण

ऑगस्टमधला एखादा दिवस. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं कुठलंही लहानसं गाव डोळ्यांसमोर आणा. आकाश राखाडी, वारा अंगात शिरणारा, पाण्यात पाय घातला की हाडं गारठावीत असा समुद्र. अशा हवेत एक कुटुंब वाळूवर बसलं आहे. वाऱ्याला आडोसा म्हणून काठ्यांना बांधलेलं पट्ट्यापट्ट्यांचं कापड त्यांनी वाळूत रोवलं आहे. थर्मासमधला चहा, वाळूचे कण लागलेली सँडविचेस, स्वेटर घालून किल्ला बांधणारी दोन मुलं. इतक्यात त्यांचा कुत्रा पाण्यातून धावत येतो, बरोबर सगळ्यांच्या मधोमध उभा राहतो आणि अंग झाडतो. आरडाओरडा होतो, रागावत मात्र कोणी नाही.

ही मंडळी इथे का आली असतील? विमानानं दोन-अडीच तासांवर स्पेनचं लख्ख ऊन आहे आणि कित्येकदा ते स्वस्तही पडतं. याचं एक उत्तर सवय, दुसरं उत्तर खिसा. तिसरं उत्तर नुकतंच सगळ्यांच्या अंगावर पाणी उडवून गेलं. विसाव्या शतकाचा जवळजवळ सगळा काळ इंग्रज कुटुंबाला कुत्र्याला घेऊन परदेशी सुटीला जाणं शक्यच नव्हतं. आणि त्यांना अडवणारी भिंत म्हणजे तोच समुद्र, ज्याच्या काठी ते खेळत होते. ती भिंत कशी उभी राहिली, हे पाहण्यासारखं आहे.

मुळात इंग्रज माणूस समुद्रावर मजा करायला गेलाच नाही. तो औषध घ्यायला गेला. ससेक्समधल्या लुईस गावचे डॉ. रिचर्ड रसेल यांनी १७५० साली लॅटिनमध्ये एक प्रबंध प्रसिद्ध केला. विषय होता, ग्रंथींच्या विकारांवर समुद्राच्या पाण्याचा उपयोग. त्या पाण्यात नुसतं नहायचं नाही, तर ते प्यायचंसुद्धा. डॉक्टरांनी जवळच्याच ब्रायटन या कोळ्यांच्या गावात समुद्रासमोर मोठं घर बांधलं आणि श्रीमंत रोग्यांची रीघ लागली. स्नानाचा प्रकार मोठा मजेदार होता. चाकं लावलेल्या लाकडी खोलीत बसायचं, घोडा ती खोली पाण्यात ओढत न्यायचा, आणि मग दणकट बायका रोग्याला धरून लाटांत बुचकळून काढायच्या. ब्रायटनची मार्था गन ही या कामात इतकी नावाजली, की तिची चित्रं छापून विकली गेली. १७८९ साली आजारातून उठलेले राजे तिसरे जॉर्ज वेमथच्या समुद्रात उतरले, तेव्हा वाजंत्र्यांनी राजाचं गाणं वाजवलं. राजाच पाण्यात उतरला म्हटल्यावर प्रजा मागे राहणार थोडीच!

याच ब्रायटनमध्ये आपल्याकडचा एक माणूस भेटतो. पाटण्यात जन्मलेला शेख दीन महंमद कंपनीच्या फौजेबरोबर हिंडला, आयर्लंडमध्ये राहिला, तिथे त्यानं १७९४ साली इंग्रजीत प्रवासवर्णन लिहिलं आणि पुढे ब्रायटनला येऊन वाफाऱ्याचं आणि चंपीचं स्नानगृह काढलं. चौथे जॉर्ज आणि त्यांच्यानंतर चौथे विल्यम या दोन्ही राजांची त्याच्यावर मर्जी होती. आपण केसांना लावतो त्या शाम्पूचं मूळ या चंपीतच आहे. असो.

या सगळ्या सोपस्कारात कुत्र्याला जागा नव्हती. किनाऱ्यावर कुत्री होती, पण ती कामाची. कोळ्यांबरोबर होडीत जाणारी, जाळ्यांची राखण करणारी. अशा कामाच्या कुत्र्यांपैकी एकाचं नाव मात्र इतिहासात राहिलं आहे.

डॉर्सेटमधल्या लाइम रीजिस या गावी मेरी ॲनिंग नावाची एक बाई होती. जन्म १७९९चा. तिचे वडील सुतारकाम करत आणि कड्यांतून निघणारे शंख-शिंपल्यांचे, प्राण्यांचे जीवाश्म सुटीवर आलेल्या पाहुण्यांना विकत. मेरी अकरा वर्षांची असताना ते गेले, घरात कर्ज राहिलं, आणि पाहुण्यांना विकण्याच्या याच चमत्कारिक वस्तूंवर घर चालू लागलं. म्हणजे पाहा, समुद्रकाठची सुटी नसती, तर मेरीला गिऱ्हाईक मिळालं नसतं. बारा-तेरा वर्षांची असताना तिनं इक्थिओसॉरचा सांगाडा खणून काढला, १८२३ साली प्लेसिओसॉरचा. विद्वान तिच्याकडून वस्तू घेऊन जात आणि निबंध स्वतःच्या नावावर वाचत. कडे कोसळायचे ते हिवाळ्यात आणि वादळात, त्यामुळे तिचा खरा हंगाम म्हणजे पाहुणे नसतानाचा. तेव्हा तिच्या सोबतीला असायचा ट्रे नावाचा काळा-पांढरा कुत्रा. एखादी चीज सापडली की ती मदत आणायला गावात जायची आणि तिनं परत येईपर्यंत तो त्या जागी बसून राहायचा, असं सांगतात.

१८३३च्या ऑक्टोबरमध्ये कडा कोसळला आणि ट्रे त्याखाली सापडला. तो तिच्या अगदी पायाशी होता. एक क्षण इकडेतिकडे झाला असता, तर तीही गेली असती. मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात तिनं हे सांगितलं आहे, आणि तुम्हाला हसू येईल पण या म्हाताऱ्या इमानी कुत्र्याच्या मरणानं मी पार कोलमडून गेले आहे, अशा अर्थाचं काही लिहिलं आहे. मला त्यातलं ‘हसू येईल’ हे महत्त्वाचं वाटतं. कुत्र्यासाठी रडताना त्या काळी आधी माफी मागावी लागत होती. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये मेरीचं चित्र आहे, त्यात ट्रे तिच्या पायाशी आहे. २०२२ साली लाइम रीजिसला तिचा पुतळा उभा राहिला, एका शाळकरी मुलीनं सुरू केलेल्या मोहिमेतून. त्या पुतळ्यातही तिच्याबरोबर ट्रे आहे.

नंतर आगगाडी आली. १८४१ साली लंडनची गाडी ब्रायटनला पोचली, १८४५ साली स्कारबरोला लोहमार्ग आला, १८४६ साली ब्लॅकपूलला. डॉक्टरांचा समुद्र बघता बघता कारकुनांचा आणि गिरणीकामगारांचा झाला. पण गाडी असून काय उपयोग? सुटी हवी ना! ती मिळवून दिली सर जॉन लबक यांनी. लबक हे पेढीचे मालक, पार्लमेंटचे सभासद, डार्विनचे शेजारी आणि मुंग्या-मधमाश्यांचे अभ्यासक. १८७१ साली त्यांनी बँक हॉलिडेचा कायदा संमत करून घेतला. वर्षाकाठी सोमवारच्या तीन आणि नाताळनंतरची एक, अशा चार सुट्या. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी लंडन रिकामं होऊन किनाऱ्यावर जाऊ लागलं, आणि त्या दिवसाला लोक प्रेमानं ‘संत लबक यांचा दिवस’ म्हणू लागले. ही सुटी पुढे ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी गेली.

या लबकसाहेबांकडे व्हॅन नावाचा काळा पूडल कुत्रा होता, आणि साहेब त्याला वाचायला शिकवत होते! पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर ठसठशीत अक्षरांत ‘अन्न’, ‘चहा’, ‘बाहेर’ असे शब्द इंग्रजीत छापून ते त्याच्यासमोर ठेवायचे. व्हॅन जो पत्ता तोंडात धरून आणील, ती वस्तू त्याला द्यायची. पाहता पाहता तो नेमका पत्ता आणू लागला. नुसता कोरा पत्ता त्यानं सहसा उचलला नाही. लबक यांनी हे प्रयोग शास्त्रीय नियतकालिकात आणि पुढे १८८८ सालच्या पुस्तकात सविस्तर नोंदवले. व्हॅनला शब्द कळत होते की केवळ चिन्हं, हा वाद वेगळा. पण देशाला समुद्रावर जायला सुटी देणारा माणूस घरी बसून कुत्र्याला ‘बाहेर’ हा शब्द शिकवत होता, हे मला फार आवडतं.

१८७१ याच वर्षी आणखी दोन गोष्टी घडल्या. भटक्या कुत्र्यांसाठी मेरी टील्बी या बाईंनी १८६० साली काढलेला आसरा लंडनच्या बॅटरसी भागात हलला, आणि ‘डॉग्ज ॲक्ट’ हा धोकादायक कुत्र्यांचा बंदोबस्त करणारा कायदा झाला. म्हणजे एकाच वर्षात माया, भीती आणि सुटी. मध्यमवर्गाच्या घरात कुत्रा आता आगोटीशी येऊन बसला होता. पण रस्त्यावरचा कुत्रा म्हटला की लोकांच्या पोटात गोळा यायचा. कारण पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा. लुई पाश्चर यांनी १८८५ साली लस टोचून दाखवली तरी ही भीती जाईना.

१८९७ साली शेतीखात्याचे मंत्री वॉल्टर लाँग यांनी कठोर पाऊल उचललं. रोग असलेल्या भागात प्रत्येक कुत्र्याच्या तोंडाला मुसकं बांधायचं, आणि बाहेरून येणारा प्रत्येक कुत्रा बंदिस्त ठेवायचा. कुत्र्यांची कैवारी मंडळी खवळली. त्यातून शिकारी सरदारांच्या कुत्र्यांच्या कळपांना शिकारीपुरती सवलत होती. गरिबाच्या कुत्र्याला मुसकं आणि सरदाराच्या कुत्र्याला मोकळीक, हे कोणाला रुचणार? लाँगसाहेबांना शिव्याशाप खावे लागले, पण ते डगमगले नाहीत. आणि गंमत म्हणजे उपाय लागू पडला. १९०२ साली ब्रिटनमधून हा रोग नाहीसा झाला. आता तो परत येऊ द्यायचा नाही, तर वाट एकच होती, समुद्रावर पहारा. बाहेरून येणारा कुत्रा सहा महिने सरकारमान्य कोंडवाड्यात, तोही मालकाच्या खर्चानं. हिंदुस्थानातून चाकरी संपवून परतणाऱ्या साहेबालाही हा नियम चुकला नाही. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ साली, प्लिमथकडे पुन्हा रोग उद्भवला. आघाडीवरून परतणाऱ्या सैनिकांनी लळा लागलेली कुत्री लपवून आणली, असं त्याचं कारण सांगितलं गेलं. खंदकात ज्यानं साथ दिली त्याला तिथे कसं सोडायचं? त्या मायेची किंमत म्हणून १९२२पर्यंत पुन्हा मुसकी आणि पुन्हा पहारा.

असा हा समुद्र कुंपण झाला, आणि कुंपणाच्या आतल्या बाजूला खेळ रंगत गेला. आगगाडीत कुत्र्याचं वेगळं तिकीट काढावं लागे. पुळणीवर पंच आणि जूडीच्या बाहुल्यांचा खेळ लागायचा. त्यात इतर सगळी पात्रं लाकडाची, पण टोबी नावाचा कुत्रा कित्येक ठिकाणी खराखुरा, गळ्यात झालर घालून कठड्यावर बसलेला. पगारी सुटीचा कायदा १९३८ साली झाला आणि लाखो कामगारांना वर्षाला एक आठवडा भरपगारी सुटीची वाट मोकळी झाली. पुढच्या उन्हाळ्यात किनारे फुलले.

त्या उन्हाळ्याचा शेवट सांगायला अवघड आहे. ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध जाहीर झालं. त्याआधीच सरकारी साह्यानं चाललेल्या एका समितीनं पाळीव जनावरांच्या मालकांसाठी पत्रक काढलं होतं. शक्य तर जनावरं खेडेगावात पाठवा. शेजाऱ्यांकडेही सोय होत नसेल, तर त्यांना मारून टाकणंच दयाळूपणाचं ठरेल, असा त्याचा सूर होता. सक्ती कोणी केली नव्हती. एकही बॉम्ब पडला नव्हता. तरी लोकांनी पशुवैद्यांच्या दारांपुढे रांगा लावल्या. क्लोरोफॉर्म पुरेना. इतिहासकार हिल्डा कीन यांनी या प्रकरणावर २०१७ साली पुस्तक लिहिलं. त्यांच्या हिशेबानं एकट्या लंडनमध्ये पहिल्या आठवड्यात सुमारे चार लाख कुत्री-मांजरं मारली गेली. शहरातल्या अशा जनावरांपैकी चौथ्या हिश्शाहून थोडी अधिकच. प्राण्यांच्या कल्याणासाठी झटणाऱ्या संस्था घाई करू नका म्हणून सांगत होत्या. ज्यांच्या घरी महिन्यापूर्वी वाळूत खड्डे खणणारा कुत्रा होता, अशी कित्येक कुटुंबं त्या रांगेत असली पाहिजेत. मुलांना आगगाडीनं गावोगावी पाठवलं जात होतं, घर अंधारं झालं होतं. ती माणसं निर्दय नव्हती. घाबरलेली होती. पुढे बरीच वर्षं या गोष्टीबद्दल फारसं कोणी बोललं नाही.

१९४० साली दक्षिणेचा आणि पूर्वेचा किनारा बंद झाला. वाळूत सुरुंग, वर काटेरी तार. शत्रूला उतरायला धक्का मिळू नये म्हणून समुद्रात गेलेल्या कित्येक पुलांचा मधला भाग तोडून टाकला गेला. आणि अशा वेळी, १९४२ साली, एनिड ब्लायटन यांचं ‘फेमस फाइव्ह’ मालिकेतलं पहिलं पुस्तक आलं. आपल्याकडेही ही पुस्तकं घराघरांत पोचली आहेत. पाचजणांतला पाचवा म्हणजे टिमी कुत्रा. ते बेट, ती होडी, तो किनारा आपल्याला आठवतो. पण टिमीला घरात बंदी होती, हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. जॉर्ज या मुलीनं त्याला आई-वडिलांपासून लपवून एका कोळ्याच्या पोराकडे ठेवलेलं असतं. पुस्तकाच्या शेवटी त्याला घरी यायची परवानगी मिळते. खजिना सापडण्याइतकीच ही गोष्ट महत्त्वाची आहे. तीन वर्षांपूर्वी लंडनमध्ये काय घडलं होतं, हे लक्षात ठेवून हे पुस्तक वाचलं की ते बालवाङ्मय राहत नाही. लेखिकेच्या मनात तसं काही होतं, असा माझा दावा नाही. पण किनारा तारेमागे असताना मुलं ते वाचत होती, आणि काहींच्या घरचा कुत्रा तेव्हा राहिला नव्हता.

युद्धानंतर सुरुंग काढायलाच काही वर्षं गेली. मग पन्नाशीचं दशक हा या सुटीचा बहराचा काळ. नाश्ता झाला की संध्याकाळपर्यंत पाहुण्यांना बाहेर काढणाऱ्या खाणावळवाल्या बाया, पावसात बसथांब्याच्या आडोशाला उभी कुटुंबं, यावर विनोद पुष्कळ झाले. स्वतःची मोटार आणि तिला जोडलेलं चाकांचं घर आलं, तशी त्या बायांच्या नियमांतून सुटका झाली, कुत्र्यांची तर विशेष. पण १९५० सालीच व्लादिमीर राइट्झ यांनी विमानभाडं, मुक्काम, जेवण सगळं एकत्र विकायला सुरुवात केली होती, आणि साठ-सत्तरच्या दशकांत इंग्रज माणूस हजारोंनी, मग लाखोंनी स्पेनकडे वळला. इंग्लंडच्या किनाऱ्यावरची हॉटेलं ओस पडू लागली, त्यांचे रंग उडाले.

कुत्रा असलेल्या घरांना मात्र पेच पडे. त्याला नेलं, तर परत येताना सहा महिने कोंडवाडा. ठेवलं, तर दोन आठवडे पैसे भरून कुठेतरी. कित्येकांनी हा पेच सोडवलाच नाही. ते आपले डेव्हनला किंवा नॉरफोकला जात राहिले. या कुटुंबांची मोजदाद काही माझ्याजवळ नाही, पण उजाड होत चाललेल्या त्या गावांना ज्यांनी धरून ठेवलं, त्यांत त्यांचा वाटा मोठा असावा असं मला वाटतं. नियम शिथिल होण्याची आशाही नव्हती. १९६८ साली कोल्ह्यांतून पसरणारा हा रोग फ्रान्समध्ये शिरला. १९६९ साली सरे परगण्यातल्या कॅम्बर्ली इथे जर्मनीहून आलेला एक कुत्रा सहा महिन्यांची मुदत पुरी करून बाहेर पडला आणि मग पिसाळला. १९७४ साली कायदा आणखी कडक झाला, चोरून जनावर आणणाऱ्याला तुरुंगाची तरतूद झाली, बंदरांवर भीतिदायक भित्तिपत्रकं लागली. पुढे खाडीखालून रेल्वेचा बोगदा खणायचं ठरलं, तेव्हा पिसाळलेले कोल्हे त्यातून चालत येतील, अशीही भीती लोक बोलून दाखवत.

आणि याच सुमारास किनाऱ्यानंच कुत्र्याकडे पाठ फिरवली. विष्ठेतून पसरणाऱ्या जंतांची, मुलांच्या डोळ्यांना होणाऱ्या अपायाची चर्चा सुरू झाली. स्वच्छ पुळणींना मिळणारा निळा झेंडा १९८७ साली युरोपभर गेला, आणि तो मिळवायचा तर कुत्र्यांवर नियंत्रण हवं. गावोगावच्या पालिकांनी फलक लावले. १ मे ते ३० सप्टेंबर या पुळणीवर कुत्र्यांना मनाई. ज्याच्यामुळे हे कुटुंब इथे आलं, त्यालाच पट्टा लावून कोणीतरी वर रस्त्यावर घेऊन बसायचं! मुलांच्या आरोग्याची काळजी खरी होती, आणि आपला कुत्रा घाण करतो हे न पाहिल्यासारखं करणारे मालकही खरे होते. मग वाटण्या झाल्या. अमुक बंधाऱ्यापासून तमुक बंधाऱ्यापर्यंत कुत्र्यांना मोकळीक, पलीकडे बंदी. काही ठिकाणी जमिनीवर घरटी करणाऱ्या सुरय पक्ष्यांसाठी आणखी एक दोरी बांधलेली. वाळू तेवढीच, हक्क सांगणारे वाढले.

१९९८ साली इयन केनेडी यांच्या समितीनं सांगितलं, की लस, रक्ताची तपासणी आणि कातडीखाली बसवलेली चकती एवढं पुरेसं आहे, सहा महिन्यांच्या कैदेची गरज नाही. २८ फेब्रुवारी २००० रोजी कुत्र्यांचं पारपत्र सुरू झालं आणि शतकाचं कुंपण खाली आलं. आता कुटुंबं कुत्र्यासह फ्रान्सला निघाली. २०२० साली महामारीनं पुन्हा सगळ्यांना देशातच अडकवलं. त्या एकांतात असंख्य घरांत पिल्लं आली आणि टाळेबंदी उठताच ती सगळी समुद्रावर पोचली. युरोपीय संघ सोडल्यामुळे १ जानेवारी २०२१पासून ब्रिटनमध्ये दिलेलं ते पारपत्र युरोपात चालेनासं झालं, दर सफरीआधी पशुवैद्याचं नवं प्रमाणपत्र घेणं आलं, आणि त्याची फी काही थोडी नव्हती. पुष्कळांनी हिशेब केला आणि थर्मास भरून ठेवला.

या किनाऱ्यांवर एक दिवस असा असतो, जो कुठल्याही दिनदर्शिकेत लाल अक्षरात नसतो, १ ऑक्टोबर. पाहुणे गेलेले, आइस्क्रीमची दुकानं फळ्या लावून बंद, पाणी आणखी गार. मनाईची मुदत आदल्या रात्री संपलेली असते. सकाळी उजाडताच गावातली माणसं कोट चढवून पुळणीवर येतात, पायऱ्यांच्या तोंडाशी वाकतात आणि पट्ट्याचा आकडा सोडतात.